अठरा पूर्ण, पुढं काय?

१५ ऑगस्ट २०२४ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी एक आवाहन केलं. ज्यांच्या घरात कुणी राजकारणात नाही अशा एक लाख तरुणांनी लोकप्रतिनिधी होण्यासाठी पुढं यावं, पक्ष कोणताही निवडा. आवाहन चांगलं होतं. पण ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी महाराष्ट्रातल्या एकाही महानगरपालिकेत निवडून आलेला नगरसेवक नव्हता. मुंबईपासून नागपूरपर्यंत सगळीकडं प्रशासक बसलेले. एक लाखातला एखादा तरुण त्या आवाहनानं पेटून उठून दुसऱ्या दिवशी उमेदवारीचा अर्ज भरायला निघाला असता, तर त्यानं जायचं कुठं होतं?

तरुणांच्या राजकीय सहभागाबद्दल आपल्याकडं बोललं जातं ते बहुतेक वेळा या प्रश्नाला न भिडता. पोरं मोबाइलमध्ये बुडालीत, त्यांना देशाचं काही पडलेलं नाही, मतदानाच्या सुट्टीला लोणावळ्याला जातात, वगैरे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. राजकारण हे हातानं करून शिकायचं काम आहे आणि ते शिकण्याच्या ज्या जवळच्या, छोट्या, हरलं तरी चालेल अशा जागा असतात, त्या महाराष्ट्रानं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एकामागून एक बंद केल्या किंवा वाऱ्यावर सोडल्या. उदासीनतेची तक्रार त्यानंतरची आहे.

आधी मतदार यादीचं बघू, कारण सगळी चर्चा तिथूनच सुरू होते आणि दुर्दैवानं तिथंच संपते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, ते १९८९ साली. २०२४ च्या लोकसभेपूर्वी निवडणूक आयोगानं जी यादी प्रसिद्ध केली, तीत देशभरात सुमारे ९६.८८ कोटी मतदार होते; त्यांत १८ आणि १९ वर्षांचे जेमतेम १.८४ कोटी. आपल्या देशात दर वर्षी दोन कोटींहून जास्त मुलं-मुली अठरा वर्षांची होतात. म्हणजे या वयाच्या निम्म्याहून जास्त जणांची नावं यादीत आलीच नव्हती. विशीतले मतदार मात्र १९.७४ कोटी. हा फरक बघितला की लक्षात येतं, पोरं नाव नोंदवतात, पण उशिरा नोंदवतात.

उशिराची कारणं फार गूढ नाहीत. अठरावं वर्ष म्हणजे बारावी, सीईटी, नीट, आणि मग घर सोडणं. परभणीची मुलगी पुण्याच्या वसतिगृहात येते, दर वर्षी खोली बदलते, भाडेकरार तिच्या नावावर नसतो. विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाच्या दाखल्यावर वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, ही सोय आहे. ती किती कॉलेजांच्या कार्यालयात ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा. शिवाय बऱ्याच जणांना नाव गावाकडंच ठेवायचं असतं, आणि त्यात अडाणीपणा नाही, हिशेब आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वॉर्डाचा निकाल दहा-पंधरा मतांनी फिरतो. तिथं आपलं मत मोजलं जातं, भावकीत त्याला वजन असतं, आणि उमेदवार आणायला-न्यायला गाडीही पाठवतो. हडपसरच्या भाड्याच्या खोलीतल्या मताला असं काहीच चिकटलेलं नसतं. जो तरुण लोकसभेला मतदान चुकवतो तोच ग्रामपंचायतीला रात्रभर प्रवास करून गाव गाठतो, याचा अर्थ आपण नीट लावलेला नाही.

आयोगानं काही सुधारणा केल्या, त्या मोलाच्या आहेत. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. २ जानेवारीला अठराचा झालेला मुलगा वर्षभर बाहेर. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या, आणि सतराव्या वर्षीच आगाऊ अर्जही करता येतो. २००९ पासून मतदार जागृतीचा मोठा कार्यक्रम चालू आहे, २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिन साजरा होतो. रांगोळी स्पर्धा होतात, पथनाट्यं होतात, सेल्फी पॉइंट उभे राहतात, बोटावरची शाई दाखवली की हॉटेलात सवलत मिळते. यानं कुणाचं नुकसान होत नाही. पण पाच वर्षांतून एक दिवस बोलवायचं, कौतुक करायचं आणि दुसऱ्या दिवशी विसरायचं, याला सहभाग म्हणणं जरा जास्तच होतं.

आता कॉलेजकडं येऊ, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

गुजरातचं नवनिर्माण आंदोलन सुरू झालं ते डिसेंबर १९७३ मध्ये, अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात, मेसचं बिल वाढलं म्हणून. दोन महिन्यांत मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना पायउतार व्हावं लागलं. पाठोपाठ बिहार पेटला आणि जयप्रकाश नारायण यांनी त्या आंदोलनाचं नेतृत्व केलं. त्याच सुमारास पाटणा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते लालूप्रसाद यादव आणि सरचिटणीस होते सुशीलकुमार मोदी. पुढची चाळीस वर्षं बिहारचं राजकारण ज्यांच्याभोवती फिरलं, त्यांची उमेदवारी तिथं झाली. महाराष्ट्रात १९६७ ला कुमार सप्तर्षी आणि त्यांच्या मित्रांनी पुण्यात युवक क्रांती दल उभं केलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर आली. नामदेव ढसाळ तेव्हा तेवीस वर्षांचे होते. जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत मराठी मुलं-मुलीही होती. राष्ट्र सेवा दल त्याआधीपासून होतंच. दुसऱ्या बाजूला विद्यार्थी परिषदेतून प्रमोद महाजन, गोपीनाथ मुंडे घडत होते. या सगळ्यांचे विचार एकमेकांच्या उरावर बसणारे होते, पण घडण्याची रीत सारखी होती: शिबिरं, अभ्यासवर्ग, भित्तिपत्रकं, रात्रभर चाललेल्या बैठका आणि कॉलेजच्या निवडणुका.

त्या निवडणुका सोज्वळ होत्या असं कुणी सांगत असेल तर तो तेव्हा कॉलेजात नसावा. जीएस (सरचिटणीस) आणि यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी) या पदांसाठी मारामाऱ्या व्हायच्या, मतदार प्रतिनिधींना उचलून फार्महाउसवर ठेवलं जायचं, स्थानिक दादांचा पैसा यायचा. १९८९ मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि त्या धक्क्यानं अखेर खुल्या निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं गुणवत्तेचा मार्ग काढला: वर्गात ज्याला जास्त मार्क तो वर्गप्रतिनिधी. हा तोडगा पालकांना आवडला, प्राचार्यांना तर फारच. माझ्या मते त्यातून झालेलं नुकसान कुणी मोजलेलं नाही. ज्याला पहिला नंबर टिकवायचा आहे त्याला मेसच्या बिलावरून प्राचार्यांशी भांडायला पाठवायचं, ही कल्पनाच विनोदी होती. भांडण करणारा, चार जणांना गोळा करणारा, मार्कांत मध्यम असलेला पोरगा मग गेला कुठं? तो गणेश मंडळात गेला. दहीहंडीच्या पथकात गेला. त्यातून जो वर आला तो नगरसेवकाच्या ऑफिसात चहा सांगण्यापासून सुरुवात करून आला, म्हणजे आधी निष्ठा शिकला आणि प्रश्न विचारणं नंतर, शिकलाच तर. मंडळांना मी नावं ठेवत नाही. वर्गणी, हिशेब, परवानग्या, विसर्जनाची मिरवणूक हे सगळं सांभाळणारा विशीतला मुलगा संघटन शिकतोच. पण मंडळाचा अध्यक्ष गुप्त मतदानानं पाडता येत नाही, आणि मुलींना त्या कट्ट्यावर फारशी जागा नसते.

निवडणुका परत आणायचा प्रयत्न झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या लिंगडोह समितीनं २००६ ला नियमच आखून दिले: उमेदवाराला ७५ टक्के हजेरी हवी, खर्च पाच हजारांच्या आत, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वय १७ ते २२, पक्षांचा संबंध नको. न्यायालयानं त्या शिफारशी अमलात आणायला सांगितल्या. महाराष्ट्रानं दहा वर्षं घेतली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद आली. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक मागासवर्गीय प्रतिनिधी, सगळे विद्यार्थ्यांनी मतदान करून निवडायचे. २०१९ ला मुहूर्त धरला, तेवढ्यात विधानसभा आली म्हणून पुढं ढकलला. मग कोविड आला, सरकारं बदलली, आणि निवडणुका मागंच पडत गेल्या. नोंदणीकृत पदवीधरांच्या अधिसभा निवडणुकीचीही तीच तऱ्हा: मुंबई विद्यापीठात २०२३ ला जाहीर झालेली निवडणूक स्थगित होत होत सप्टेंबर २०२४ ला झाली. यात एकाच पक्षाचा दोष काढण्यात अर्थ नाही. सत्तेत असताना सगळ्यांनाच कॅम्पस शांत हवा असतो.

याच्या उलट चित्र केरळचं. तिथल्या कॉलेजांत निवडणुका होत राहिल्या, त्यांतल्या हिंसाचारावर टीकाही होत राहिली. डिसेंबर २०२० मध्ये तिरुवनंतपुरमच्या महापौर झालेल्या आर्या राजेंद्रन तेव्हा एकवीस वर्षांच्या, पदवीच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांचा कारभार कसा झाला हा वेगळा विषय. पण एकविसाव्या वर्षी महापालिकेच्या सभेला सामोरं जायची हिंमत एका रात्रीत येत नाही. विद्यार्थी संघटनेत ती आधी कमवावी लागते.

महापौरपदावरून नागपूर आठवतं. देवेंद्र फडणवीस १९९२ ला बाविसाव्या वर्षी नगरसेवक झाले आणि सत्ताविसाव्या वर्षी महापौर. विलासराव देशमुखांची सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासून. आर. आर. पाटील जिल्हा परिषदेतून आले. महाराष्ट्रात राज्य पातळीवरचा माणूस घडवण्याची ही जुनी वाट आहे. ती किती काळ बंद राहिली हे बघायला आता एका मुलीचा हिशेब करू. ती २०१७ च्या एप्रिलमध्ये मुंबईत अठराची झाली. त्याच फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक होऊन गेली होती. मार्च २०२२ ला मुदत संपली, पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि निवडणूक लांबत गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तंबी दिल्यावर, जानेवारी २०२६ ला मतदान झालं. ही मुलगी तोवर सव्वीस पूर्ण करून गेली. मधल्या काळात ती लोकसभेला दोनदा, विधानसभेला दोनदा मत देऊ शकली. पण तिच्या गल्लीतलं गटार कुणी बांधायचं हे ठरवायला तिला आयुष्यात पहिल्यांदा मत मिळालं ते सव्विसाव्या वर्षी. एकवीस पूर्ण झाली की उभंही राहता येतं. ती वर्षंही कोरडी गेली. आणि या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेल्यानं त्यानंतर अठरा झालेले पुन्हा बाहेरच राहिले. चार अर्हता तारखांचं कौतुक मघाशी केलं, ते थोडं आवरतं घेतो.

प्रशासकाच्या काळात कामं झाली नाहीत असं नाही. पण रस्त्याची तक्रार घेऊन जायचं तर वॉर्ड ऑफिसरकडं. तो बदलीचा माणूस. नगरसेवक पाडता येतो, या एका भीतीवर शहराचं नागरी जीवन चालतं. ती भीतीच काही वर्षं रजेवर होती. ज्या पिढीनं शहरात निवडून आलेला जबाबदार माणूस पाहिलाच नाही, तिनं थेट कलेक्टर होण्याचं स्वप्न पाहिलं तर दोष कुणाला द्यायचा? पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांत बसलेली हजारो मुलं हे त्याचं उत्तर आहे. त्यांना समाजासाठी काही करायचं असतं, हे त्यांच्या बोलण्यात खरेपणानं येतं. फक्त ‘काही करणं’ म्हणजे पोस्ट काढणं, म्हणजे स्पर्धा परीक्षेतून सरकारी पद मिळवणं, असं समीकरण त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

गंमत अशी, की हीच मुलं रस्त्यावरही येतात. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढं ढकलली तेव्हा, २०२३ च्या सुरुवातीला वर्णनात्मक पद्धत लगेच लागू करण्याच्या निर्णयावर, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या तेव्हा त्यांनी पुण्याचे रस्ते अडवले. तिन्ही वेळा सरकारला किंवा आयोगाला मागं यावं लागलं. २०१६ चे मराठा मोर्चे आठवा: लाखोंची गर्दी, घोषणा नाहीत, सगळ्यांत पुढं मुली, आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देणाऱ्याही मुलीच. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीतली झाडं रातोरात कापायला सुरुवात झाली तेव्हा अटक झालेल्या २९ जणांत विद्यार्थी होते. आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयानं सुट्टीत सुनावणी केली. गोव्यात २०२० ला मोलेच्या जंगलासाठी उभी राहिलेली मोहीम मुख्यतः तरुणांनीच चालवली. ही उदासीन पिढीची लक्षणं नव्हेत.

फरक एवढाच, की आंदोलन मागणी मान्य झाली की संपतं. गर्दी आपापल्या अभ्यासिकेत परत जाते, मागं संघटना उरत नाही, दुसऱ्याच्या प्रश्नासाठी भांडायची सवय उरत नाही. आणि भांडणाची किंमत मोठी असते. सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून होते. नावावर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा, म्हणजे पूर्वीचं ३५३, लागला की आई-वडिलांचा धीर सुटतो. सरकारं आंदोलनातले गुन्हे मागं घेण्याची घोषणा करतात. प्रत्यक्ष कोर्टातून नाव निघेपर्यंत भरतीची वयोमर्यादा निघून जाते. ‘पोरा, पुढं-पुढं करू नको’ हा घरोघरचा सल्ला भित्रेपणाचा वाटतो, पण तो अनुभवातून आलेला आहे.

पक्षांकडं वळलं तर तिथं तरुण हवे असतात, आघाड्या असतात, युवा पदाधिकाऱ्यांच्या लांबलचक याद्या असतात. काम काय? पोलचिट वाटणं, सभेची खुर्ची भरणं, साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावणं, आणि आता रील बनवणं. सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता हा शब्दप्रयोग आपण थट्टेत वापरतो, पण सतरंजी उचलणाऱ्यालाही पूर्वी जिल्हा परिषदेचं तिकीट मिळण्याची थोडीफार आशा असायची. पक्षांतर्गत निवडणुका कागदावर, तिकीट कुणाला हे ठरतं एका बंगल्यात, आणि तिथं तरुण म्हणून ज्याचा विचार होतो तो बहुधा कुणाचा तरी मुलगा, पुतण्या किंवा सून असतो. पहिल्या लोकसभेत चाळिशीच्या आतले खासदार सुमारे एक चतुर्थांश होते. २०२४ च्या लोकसभेत दहात एकाच्या आसपास. देश तरुण झाला, सभागृह म्हातारं. त्या तरुण दहा टक्क्यांतून घराण्यांची पोरं वेगळी काढली तर काय उरतं, ते वाचकांनीच वर्तमानपत्र उघडून मोजावं.

सरकारनं आणि स्वयंसेवी संस्थांनी पर्यायी वाटा काढल्या आहेत, त्यांचाही धावता उल्लेख करायला हवा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे; तिच्या शिबिरात श्रमदानाचा बंधारा होतो, पण बंधाऱ्याचं अंदाजपत्रक कुणी मंजूर केलं हे विचारलं जात नाही. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली, हुशार मुलं तिच्यातून प्रशासन आतून बघतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’मध्ये २००६ पासून चालणारं ‘निर्माण’ तरुण डॉक्टर-इंजिनिअरांना आयुष्याच्या हेतूबद्दल विचार करायला लावतं. ही कामं चांगली आहेत. ती निवडणुकीच्या राजकारणाला वळसा घालून जातात, हेही खरं.

गडचिरोलीतलंच मेंढा (लेखा) हे गाव मला यात सगळ्यांत शिकवणारं वाटतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यामागं जी यंत्रणा होती तिची चर्चा कमी होते. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांबरोबर तिथं दीर्घकाळ काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल मूळचे संघर्ष वाहिनीतले. आंदोलनातून आलेल्या या माणसानं गावात भाषणं केली नाहीत; अभ्यासगट बसवला. वनकायदा काय म्हणतो, बांबूचा पैसा कुठं जातो, यावर आधी गटात चर्चा, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत, तोही बहुमतानं नव्हे, सर्वांच्या संमतीनं. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी सुरुवातीच्या गावांपैकी एक म्हणून. तिथल्या विशीतल्या मुलाला राजकारण वेगळं शिकवावं लागत नाही. बांबूचा हिशेब वाचून दाखवायची पाळी त्याच्यावर येते.

बाकी महाराष्ट्रात ग्रामसभा कायद्यानं आहेच. वर्षातून किमान चार बैठका, गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ही पळवाट प्रत्येक सरपंचाला पाठ असते. शहरात तेवढंही नाही. क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात आली, पण कुणाही शहरवासीयाला विचारा, तुमची क्षेत्रसभा शेवटची कधी भरली? पुणे महापालिकेनं २००६ च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली, ती एक चांगली फट आहे. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज ही दुसरी. ज्या तरुणानं स्वतःच्या वॉर्डातल्या एका रस्त्याची निविदा मागवून वाचली, त्याला नागरिकशास्त्राचा कुठलाही धडा त्यापेक्षा जास्त सांगू शकत नाही.

शेवटी वयाचा मुद्दा. लोकसभा-विधानसभेसाठी किमान वय २५, राज्यसभा-विधान परिषदेसाठी ३०. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं लोकसभा आणि विधानसभेचं वय १८ वर आणावं अशी शिफारस केली. निवडणूक आयोगाचं मत विरोधात होतं. समितीचे अध्यक्ष होते सुशीलकुमार मोदी, तेच, पाटणा विद्यापीठाचे एकेकाळचे सरचिटणीस. आयोगाचा आक्षेप असा, की अठराव्या वर्षी एवढी जबाबदारी पेलण्याइतका अनुभव नसतो. मला दोन्ही बाजू एकाच ठिकाणी अडलेल्या दिसतात. अनुभव नसतो हे आयोगाचं म्हणणं खरंच आहे. पण तो मिळवायच्या ज्या जागा, त्यांना कुलूप असताना हे म्हणणं सोयीचं होतं. आणि समितीची शिफारस उद्या मान्य झाली तरी अठराव्या वर्षी विधानसभेचं तिकीट कोणाला मिळेल, याचा अंदाज करायला राजकीय पंडित लागत नाही. सुशीलकुमार मोदींनी स्वतः जिथं सुरुवात केली ती विधानसभा नव्हती, विद्यापीठाची निवडणूक होती. महाराष्ट्रात त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, वयाचा वाद नाही, नवा कायदाही नको. २०१६ चा आहे. कुणीतरी एका शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकात, सहामाही परीक्षेच्या आधी, मतदानाची तारीख छापायची आहे.